संतांचे दृष्टांत आणि आपल्या हातातल्या वस्तू

(शताब्दी सोहळ्यात काल्याच्या आदल्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या दिंडीचे विणेकरी, चोपदार, टाळकरी, मृदंगमणी, डोईवर तुळस घेऊन चालणाऱ्या माउली, आणि या शंभर वर्षांत जे जे या दिंडीतून चालून गेले त्या सगळ्यांच्या चरणी आमचा दंडवत. आम्हाला थोडा वेळ बोलायला सांगितलं. विषय आम्हीच मागून घेतला. कीर्तनात आम्ही दृष्टांत देतो. तो कशासाठी द्यायचा, आणि पुढच्या शंभर वर्षांत तो ऐकणाऱ्याला लागू पडणार का, एवढंच बोलायचं आहे.

हल्ली कीर्तन झालं की पोरं जवळ येतात. कॉलेजला जाणारी असतात. पाया पडतात आणि विचारतात, "महाराज, देव निर्गुण निराकार. आत्म्याला रंग नाही, रूप नाही. मग तुम्ही सगळं जातं, मडकं, बैल, पाट यातच का सांगता? जे आहे ते सरळ सांगा की." प्रश्न चांगला आहे. पोरांवर रागवायचं कारण नाही, उत्तर द्यायला पाहिजे.

तर आधी सरळ सांगून बघू. आपण म्हणतो, राग चढला. चढायला राग म्हणजे काय वेल आहे? मन भरून आलं म्हणतो. भरून तर आभाळ येतं. जीव टांगणीला लागला, शब्द काट्यासारखा टोचला, डोक्यावरचं ओझं उतरलं, संसाराचा गाडा ओढतोय. यातलं टांगणं, काटा, ओझं, गाडा सगळं बाहेरचं, हाताला लागणारं. ते काढून टाका आणि मनातलं एक वाक्य बोलून दाखवा. जमत नाही. त्या पोरानं 'सरळ सांगा' म्हटलं, त्यातलं सरळसुद्धा वस्तूकडूनच आलेलं. काठी सरळ असते, नांगराचं तास सरळ असतं. म्हणजे संतांनी वरून काही सजावट केलेली नाही. माणूस जसा बोलतो तसेच ते बोलले. फक्त आपण न बघता बोलतो, ते नीट बघून बोलले.

माउलींनी शके 1212 मध्ये नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली, सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. गीतेचे श्लोक 700, त्यावर ओव्या नऊ हजारांच्या घरात. हा एवढा विस्तार कशानं झाला? पुष्कळसा दृष्टांतांनीच झाला. सहाव्या अध्यायात माउली श्रोत्यांना शब्द देतात. ज्याला रूपच नाही त्याचं रूप बोलण्यातून दाखवतो, आणि जे इंद्रियांच्या पलीकडचं आहे ते इंद्रियांनाच भोगायला लावतो, अशा अर्थाचं ते बोलणं आहे. केवढी मोठी बोली ही! आणि ती त्यांनी पाळली. पहिल्याच अध्यायात बघा. ॐकार म्हणजे नाद. त्याला हात लावता येत नाही. माउलींनी त्याचा गणपती केला. अकार ते दोन्ही पाय, उकार ते मोठं पोट, मकार ते मस्तक. सहा दर्शनं ते सहा हात. ज्या माउलीला अक्षरओळख नाही तिलाही गणपतीचं पोट माहीत असतं. तिथून ती ॐकारापाशी पोचते.

आम्हा शेतकऱ्यांना जास्त जवळचा तेरावा अध्याय. क्षेत्र म्हणजे शेत. हा देह शेत आहे, पण ते शेत कोणाच्या मालकीचं, यावर निरनिराळी मतं माउलींनी मांडली आहेत. मालकीवरून भांडणं आपल्याला नवी नाहीत, त्यामुळे ऐकणारा लगेच सावरून बसतो. त्यातलं एक मत असं की शेत जिवाचं, प्राण हे त्याचं कूळ, मन हा कुळवाडी आणि इंद्रियं ही बैलं. या कुळवाड्यानं विधीचा वाफसा चुकवला, अन्यायाचं बी टाकलं, कुकर्माचं खत घातलं, तर पीक पापाचं येतं. तेच वाफसा साधून सत्कर्माचं बी पेरलं तर सुख मापानं मोजून घ्यावं.

वाफसा म्हणजे काय ते इथल्या बहुतेकांना माहीत आहे, पण पुण्या-मुंबईहून आलेली मंडळी बसली आहेत म्हणून सांगतो. पाऊस पडला की रान गच्च ओलं असतं, त्यात पेरलं तर बी कुजतं. पार वाळल्यावर पेरलं तर उगवत नाही. मधे काही दिवस असे येतात की ढेकूळ हातात घेऊन दाबलं तर फुटतं आणि हाताला चिकटत नाही. तो वाफसा. त्याची तारीख पंचांगात नसते, रोज रानात जाऊन बघावं लागतं. आता 'योग्य वेळी चांगलं कर्म करावं' हे वाक्य घ्या, आणि 'वाफसा चुकवू नका' हे वाक्य शेजारी ठेवा. पहिलं ऐकून माणूस नुसती मान हलवतो. दुसरं ऐकून त्याला दुबार पेरणी आठवते, बियाण्याचे गेलेले पैसे आठवतात, पोटात कळ येते. कळ आली म्हणजे अर्थ आत गेला.

बाराव्या अध्यायात पाण्याचा दृष्टांत आहे. माळी जिकडे नेईल तिकडे पाणी मुकाट्यानं जातं, माणसानं तसं व्हावं. ज्यांनी दारं धरली आहेत त्यांनी हे डोळ्यानं पाहिलं आहे. रात्रीची वेळ, हातात खोरं, पाटानं पाणी आलेलं. एका वाफ्याचं दार मातीनं बंद केलं, दुसऱ्याचं फोडलं, की पाणी तिकडे वळतं. याच वाफ्यात जाईन म्हणत नाही. मी केवढ्या लांबून आलो म्हणत नाही. 'कर्तेपणाचा अभिमान सोडावा' हे आम्ही तासभर सांगितलं असतं तरी जे झालं नसतं, ते एका पाटानं होतं.

आता बाकीचे संत बघा. ज्याच्या हाताला जे काम होतं त्यातूनच तो बोलला. अरणच्या सावता महाराजांना मळ्यातल्या भाजीपाल्यात विठाई दिसली. सेना महाराजांनी न्हाव्याच्या धोकटीतला आरसा काढला आणि त्याला विवेक म्हटलं, चिमटा काढला आणि त्याला वैराग्य म्हटलं. जनाबाई नामदेवरायांच्या घरी दळण-कांडण करायच्या, त्यांचा देव जात्यापाशी येऊन बसला. तेरच्या गोरोबाकाकांची कथा तर सगळ्यांना ठाऊक आहे. संत जमले, आणि कोण किती पक्का हे बघायचं ठरलं. माणसाचं आतलं कसं मोजणार? काकांनी थापटणं उचललं आणि एकेकाच्या डोक्यावर मारत गेले. मडकं पक्कं की कच्चं हे कुंभार आवाजावरून ओळखतो, तसं त्यांनी माणसाला ओळखलं. नामदेवरायांना राग आला, आणि त्यांचं मडकं कच्चं ठरलं. पुढे ते विसोबा खेचरांकडे गेले. 'तुमच्यात अजून अहंकार आहे' असं कोणी तोंडानं म्हटलं असतं तर वाद झाला असता. थापटण्याशी वाद कसा घालणार?

चोखोबांचा दृष्टांत आम्ही मुद्दाम वेगळा सांगतो. त्यांना देवळात जाऊ दिलं नाही. आजही त्यांची समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीपाशी आहे. सगळी माणसं आतून सारखी, हे त्यांनी नुसतं म्हटलं असतं तर त्या काळच्या लोकांनी ते कानाआड केलं असतं. त्यांनी वाकडा ऊस पुढे केला. कांडं वाकडं म्हणून रसाला वाक येतो का? आता ज्यानं ऊस खाल्ला आहे तो हे नाकारू शकत नाही. त्याचीच जीभ त्याच्याविरुद्ध साक्ष देते. ज्याच्या हातात सत्ता नाही, पोथीचा अधिकार नाही, त्याला वस्तूनं केवढं बळ दिलं ते बघा.

आणि नुसतं बोलणंच कशाला, आपली सगळी वारी हाच एक चालता दृष्टांत आहे. विठोबा कमरेवर हात ठेवून का उभा आहे? शंकराचार्यांच्या नावानं जे पांडुरंगाष्टक म्हणतात त्यात याचा अर्थ दिला आहे. माझ्या भक्ताला भवसागर एवढाच खोल, कमरेइतका, हे देव हातानं दाखवतो आहे. नदीकाठच्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पाणी किती आहे असं अलीकडून विचारलं की पलीकडचा माणूस हात कमरेला लावून दाखवतो. कमरेएवढं म्हणजे उतरून जा, बुडत नाहीस. देवाचं सगळं अभय त्या दोन हातांत आहे.

पालखीत मूर्ती नसते, पादुका असतात. संत गेले पण चालणं थांबलं नाही, हे पादुका सांगतात. रिंगणात दोन घोडे धावतात. एकावर स्वार असतो, दुसरा माउलींचा, त्याच्या पाठीवर कोणी बसत नाही. ती मोकळी पाठ बघून लाखो माणसांच्या डोळ्यांत पाणी येतं आणि टापांखालची माती कपाळाला लागते. जो दिसत नाही तो आहे, हे याहून चांगलं कसं दाखवायचं? मोकळी जागाच ठेवली. आम्हाला तर गोल रिंगण खळ्यासारखं दिसतं. खळ्यात मधे तिवडा असतो, बैलं त्याच्याभोवती फिरतात, आणि फिरता फिरता दाणा कणसातून सुटतो. इथे मधे वीणा आणि पालखी, भोवती आपण. काय सुटायचं ते ज्याचं त्यानं बघावं. आणि उद्याचा काला. लाह्या, दही, लोणचं, ज्याच्या घरचं जे असेल ते एकात कालवायचं. कालवल्यावर कोणाची लाही कोणती, हे ओळखून दाखवा.

इथे एक सावधगिरी सांगतो. जुने लोक म्हणायचे, दृष्टांत एकदेशी असतो. म्हणजे तो एकाच अंगानं लावायचा. मुख चंद्रासारखं म्हटलं तर डाग शोधत बसायचं नाही. देह शेत आहे म्हटलं तर सातबारा मागायचा नाही. दुसरा न्याय शाखाचंद्राचा. बीजेची कोर बारीक असते, चटकन दिसत नाही, म्हणून झाडाची फांदी दाखवतात आणि म्हणतात, त्या फांदीच्या टोकाशी बघ. कोर दिसली की फांदी सोडायची. चंद्र फांदीला लटकलेला नसतो. फांदी न दाखवता चंद्र सापडत नाही, आणि फांदीलाच धरून बसलं तरी सापडत नाही. निर्गुणवाल्यांचं आणि सगुणवाल्यांचं भांडण आमच्या मते इथे मिटतं.

आता मूळ गोष्टीवर येतो. दृष्टांताचं खरं काम कीर्तनाच्या मंडपात होत नाही. ते दुसऱ्या दिवशी होतं. कीर्तनकार दोन तास असतो, नंतर त्याच्या गावाला जातो. वस्तू मात्र रोज हातात येते. बाई पहाटे जात्यावर बसली की जनाबाई आठवायची. माणूस खोरं घेऊन पाटावर गेला की बारावा अध्याय आठवायचा. कुंभाराच्या घरावरून जाताना थापटण्याचा आवाज आला की माणूस मनात म्हणायचा, आपलं मडकं कसं वाजेल? म्हणजे संतांनी घरातली एकेक वस्तू कीर्तनकार करून ठेवली होती. बिदागी न घेता रोज कीर्तन करणारी.

त्या वस्तू आता घरातून चालल्या आहेत. मोट गेली, नाडा गेला, सोंदूर गेला. खळं गेलं, मळणी यंत्रात होते. जातं परसात पालथं पडलं आहे. पाट गेला, ठिबक आलं. वस्तू गेली की तिच्यातला अर्थही मुका होतो, हा धोका आम्हाला फार मोठा वाटतो. एका सप्ताहात आम्ही जात्याचा दृष्टांत दिला. जात्यात सगळे दाणे भरडले जातात, पण मधल्या खिळीला धरून राहिलेला दाणा वाचतो, तसं नामाला धरून राहावं. कीर्तन संपल्यावर सहावी-सातवीतली एक मुलगी म्हणाली, "आजोबा, आमच्या मिक्सरमध्ये तर मधेच पातं असतं. मधला दाणा आधी मरतो." मंडपात हशा पिकला. पण पोरगी खरं बोलत होती. तिच्या घरच्या वस्तूत आमचा दृष्टांत उलटा झाला होता.

दुसऱ्या दिवशी गावकऱ्यांनी एक जातं धुऊन मंडपाच्या तोंडाशी मांडलं. ज्वारी आणली. पोरांनी आळीपाळीनं ओढलं. मग वरची तळी उचलली. कडेला पीठ, त्याच्या आत कण्या, आणि अगदी मधे खिळीपाशी अख्खे दाणे. त्या मुलीनं बोटानं ते दाणे उचलले आणि मोजले. त्यानंतर आम्हाला काही बोलावं लागलं नाही.

यावरून आमचं म्हणणं दोन अंगांनी आहे. एक, जुनी वस्तू टाकायची नाही, आधी ती दाखवायची आणि मग दृष्टांत द्यायचा. ज्ञानेश्वरीतला माळी, कुळवाडी, वाफसा पोरांना कळला नाही तर त्या ओव्या पाठ असूनही बंद पेटीसारख्या राहतील. दुसरं, आज जी वस्तू हातात येते तिच्यातही बघायचं. संतांनी त्यांच्या काळची अवजारं घेतली, आपण आपल्या काळची घ्यायला काय हरकत आहे?

ठिबकचंच घ्या. विहिरीला पाणी आहे, मोटर चालू आहे, काट्यावर प्रेशर बरोबर दाखवतंय, तरी झाड सुकतंय. का? ड्रिपरच्या तोंडाशी क्षार बसला. पाणी कमी नाही, तोंड बुजलंय. देवाच्या कृपेचं असंच आहे. आणि तो क्षार कुठून आला? बाहेरून कोणी टाकला नाही. रोजच्या त्याच पाण्यातून थोडा थोडा बसला. भजन करणाऱ्याला भजनाचा अभिमान भजनातूनच बसतो, कीर्तनकाराला कीर्तनातून बसतो, वारकऱ्याला 'माझ्या इतक्या वाऱ्या झाल्या' यातून बसतो. शंभर वर्षं झालेल्या दिंडीलाही बसू शकतो. त्याला उपाय असा, ठरलेल्या दिवशी नळ्यांत आम्ल सोडून क्षार विरघळवायचा, मग नळीच्या टोकाचं बूच काढायचं आणि गढूळ पाणी वाहून जाऊ द्यायचं. आम्ही हा दृष्टांत सांगितला त्या गावातली माणसं नंतर भेटली की म्हणतात, "महाराज, नळ्या धुताना तुम्ही आठवता." आम्ही म्हणतो, आम्हाला आठवू नका, क्षार आठवा.

काही कीर्तनकार मोबाईलचे दृष्टांत देतात. रिचार्ज, रेंज, बॅटरी. आम्ही नावं ठेवत नाही. लोक हसतात, बसून राहतात, तेही काम आहे. पण दृष्टांताची परीक्षा हशावर करू नये. दुसऱ्या दिवशी ती वस्तू हातात आल्यावर माणसाला अर्थ आठवला का, यावर करावी. अर्थ आठवला तर मोबाईलही चालेल. फक्त हसू आठवलं तर तो विनोद झाला, दृष्टांत झाला नाही. आणि ज्या कामाचा आपल्याला अनुभव नाही त्याचा दृष्टांत आम्ही सहसा देत नाही. गोरोबाकाकांनी थापटणं उचललं कारण त्यांचा हात थापटण्यावर घडला होता.

म्हणून दिंडीपुढे आमची विनंती आहे. सप्ताहात मंडपाच्या कडेला जातं, उखळ, पाभर, चाडं, मोटेचा नाडा, कुंभाराचं थापटणं असं जे मिळेल ते मांडावं. काचेत ठेवू नये, पोरांनी हात लावावा. वारीत मुक्कामाच्या ठिकाणी हरिपाठ झाला की एका म्हाताऱ्यानं एका वस्तूचं काम समजावून सांगावं, आणि मग तिच्यावरचा दृष्टांत. आणि तरुण मंडळींनी, मग कोणी गॅरेजमध्ये असेल, कोणी शिवणकाम करत असेल, कोणी दवाखान्यात, कोणी कॉम्प्युटरवर, आपापल्या कामातली एक वस्तू घेऊन यावं आणि तिच्यात काय दिसतं ते सांगावं. सेना महाराजांना धोकटीत दिसलं, तुम्हाला पान्यात दिसेल. आमच्या पिढीला तुमच्या वस्तू माहीत नाहीत, ते काम तुमचंच आहे.

उद्या काल्याचं कीर्तन आहे. येताना प्रत्येकानं घरची लाही आणावी, आणि मनात आपल्या कामाची एक वस्तू धरून यावं.

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल. श्री ज्ञानदेव तुकाराम. पंढरीनाथ महाराज की जय.